फॉन्टसकट सगळं परत यायला हवं असेल तर

प्रश्न : खानापुरात आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, सोसायट्यांचे अहवाल, बिलबुकं अशी कामं मराठीत आणि कन्नडमध्ये करतो. कॉम्प्युटर एकच, विंडोज १० चा. सी ड्राइव्ह २५६ जीबीची एसएसडी आहे, त्यात ११० जीबी भरलंय. डी ड्राइव्ह १ टीबीची जुनी हार्ड डिस्क, तिच्यावर ३०० जीबीच्या आसपास काम आहे. आजवर एक फुकटचं बॅकअप सॉफ्टवेअर वापरत होते, ते आता ‘फुकट आवृत्ती बंद, विकत घ्या’ म्हणतं. बेळगावात चौकशी केली तर जो तो वेगळं नाव सांगतो. एकाने तर पैशाचं सॉफ्टवेअर क्रॅक करून पेन ड्राइव्हवर देऊ केलं. लाईट मध्येच जाते. डी ड्राइव्हवरचं एक जुनं फोल्डर उघडताना हल्ली मशीन अडकतं. १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आहे. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होईल. त्याआधी कोणतं सॉफ्टवेअर घालू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर :

ताई, सॉफ्टवेअरचं नाव सांगतोच, पण तुमच्या पत्रातली शेवटून चौथी ओळ आम्हाला जास्त काळजीची वाटते. फोल्डर उघडताना मशीन अडकतं म्हणजे डी ड्राइव्ह बिघडायला लागली असण्याची शक्यता आहे. म्हणून आधी आज संध्याकाळचं काम.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं, फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. उघडल्यावर वर प्रत्येक डिस्कची तब्येत दिसते. निळ्या रंगात ‘गुड’ असेल तर ठीक, पिवळ्यात ‘कॉशन’ किंवा लाल रंगात ‘बॅड’ असेल तर डिस्कवर भरवसा नको. खाली यादीत तीन ओळी बघा : ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने स्वतःच बाजूला टाकलेले तुकडे, सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि अजून निकाल न लागलेले तुकडे, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. या तिन्हींपुढच्या शेवटच्या रकान्यातला आकडा शून्य असायला हवा. सी५ मध्ये काही दिसलं आणि दोन दिवसांनी ते वाढलं, तर तुमचं फोल्डर का अडकतं त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

तसं असेल तर त्या डिस्कची आख्खी ‘इमेज’, म्हणजे होती तशी पूर्ण प्रत, घ्यायला बसू नका, आणि विंडोजची ‘चेक डिस्क’ दुरुस्ती तर मुळीच चालवू नका. दोन्हींमध्ये थकलेल्या डिस्कला तासन्‌तास राबावं लागतं आणि ती मधेच बसते. शिवाय दुरुस्तीच्या नावाखाली चेक डिस्क फायलींचे दुवेच तोडू शकते. क्रम असा ठेवा : चालू ऑर्डरी, यंदाच्या पत्रिका, टॅलीचा डेटा हे आधी एक्स्टर्नलवर कॉपी करा, मग गेल्या दोन वर्षांचं काम, आणि अडकणारं फोल्डर अगदी शेवटी. ते फोल्डर साध्या कॉपीने येत नसेल तर डीडीरेस्क्यू हे त्यासाठीचं खरं हत्यार. ते आधी डिस्कचा सगळा निरोगी भाग झपाट्याने उचलतं आणि खराब जागा वगळून पुढे जातं. मग त्या जागांकडे पुन्हा येऊन तुकड्या-तुकड्याने वाचायचा प्रयत्न करतं. कुठवर आलो त्याची नोंद ते एका फायलीत ठेवतं, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी पुढच्या वेळी तिथून सुरू करता येतं. मात्र ते कमांड लिहून चालवायचं असतं आणि मूळ डिस्क नि नवी डिस्क यांची नावं उलटी पडली तर होत्याचं नव्हतं होतं. सवय नसेल तर जाणत्याला सोबत बसवा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर तेही नको. मशीन बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे डिस्क द्या.

आता निवडीकडे येऊ. बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडताना लोक त्यात काय काय सोयी आहेत ते विचारतात. त्याआधी विचारायचं ते असं : उद्या मशीन जळालं तर नेमकं काय परत यायला हवं?

तुमच्या धंद्यात समजा डी ड्राइव्हवरच्या सगळ्या कोरलड्रॉच्या फायली तुम्ही जपून ठेवल्या. एसएसडी गेली, नवी घातली, विंडोज टाकलं, कोरलड्रॉ टाकलं आणि गेल्या वर्षीची पत्रिका उघडली. नक्षी जागेवर आहे, गणपती जागेवर आहे, पण ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांची खिचडी. कारण जुने मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचं घर देणाऱ्या पद्धतीचे, नव्हते. त्यांत ‘श’ चा आकार इंग्रजी अक्षराच्या घरात बसवलेला असतो, आणि फॉन्ट नसला की घरातलं मूळ अक्षर बाहेर येतं. कन्नडसाठी नुडी या टायपिंग सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट वापरून केलेल्या कार्डांचं तसंच होतं. म्हणजे फायली वाचल्या, काम वाचलं नाही.

त्यात आणखी एक खाच आहे. ‘फॉन्टचं फोल्डर कॉपी करून ठेवलंय’ असं पुष्कळ जण सांगतात. पण विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हटलं, तर तो विंडोजच्या फॉन्ट फोल्डरच्या जागी त्या वापरकर्त्याच्या लपलेल्या ‘अॅपडेटा’ फोल्डरच्या पोटात जातो. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातले फॉन्ट उचलले तरी हे मागे राहतात. इथून पुढे ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडत चला, आणि प्रत्येक फॉन्टची मूळ फाइल डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात ठेवा.

म्हणून तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. सी ड्राइव्हची ‘इमेज’, म्हणजे विंडोज, फॉन्ट, कोरलड्रॉ, प्रिंटरचा ड्रायव्हर, सेटिंग हे सगळं होतं तसं एका तबकात. ती महिन्याला एकदा घ्या, आणि काही नवं बसवलं की त्या दिवशी. दुसरी म्हणजे डी ड्राइव्हवरच्या कामाची रोजची प्रत, मागच्या आवृत्त्यांसकट. एकाच सॉफ्टवेअरने दोन्ही करण्याचा आग्रह नको, दोन साधी साधनं बरी.

इमेजसाठी आमची निवड रेस्क्युझिला. यामागचं कारण तुमच्या तक्रारीतच आहे. फुकट आणि मुक्त या दोन गोष्टी वेगळ्या. कंपनीने फुकट दिलेलं कंपनी परत घेऊ शकते. मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअप सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वर्षानुवर्षं लोकांच्या पसंतीची होती, कंपनीने ती बंद केली आणि तिचे सुरक्षेचे अपडेटही १ जानेवारी २०२४ पासून थांबले. रेस्क्युझिला आणि तिच्याशी जुळणारं क्लोनझिला ही मुक्त सॉफ्टवेअरं आहेत, कोड सगळ्यांसाठी खुला आहे. आज उतरवून घेतलेली प्रत दहा वर्षांनीही मुदत संपली म्हणणार नाही. दुसरं असं की ती दुकानात वापरायला परवान्याची आडकाठी नाही. पुष्कळ ‘फ्री’ सॉफ्टवेअर फक्त घरगुती वापरासाठी फुकट असतात आणि ती ओळ बसवताना बारीक अक्षरात येऊन जाते. तुमचं दुकान आहे, तेव्हा ती ओळ वाचल्याशिवाय दुसरं काही घेऊ नका.

क्लोनझिलाच का नको? चालेल, भक्कम आहे, पण त्यात निळ्या पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात आणि एका चुकीच्या उत्तराने भलतीच डिस्क पुसली जाते. रेस्क्युझिलात तेच काम माऊसने होतं आणि दोघांच्या इमेज एकमेकांना चालतात. उद्या एक हाताशी नसेल तर दुसऱ्याने परत आणता येईल, हा मोठा दिलासा आहे.

क्रॅकचं म्हणाल तर बॅकअप सॉफ्टवेअरला मशीनमधली प्रत्येक फाइल वाचायची आणि लिहायची मुभा असते. कुणीतरी आतून उसवलेलं सॉफ्टवेअर त्या जागेवर बसवणं म्हणजे तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाकडे देणं. तो पेन ड्राइव्ह मशीनला लावूसुद्धा नका.

तुमचं जुनं सॉफ्टवेअर मात्र लगेच काढून टाकू नका. आजवरचे बॅकअप त्याच्याच साच्यातल्या फायलींत आहेत, त्या दुसऱ्या कशाने उघडतीलच असं नाही. नव्या पद्धतीने दोन-तीन महिने नीट गेले की मग काढा.

आता कृती. ४ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाईल हे धरून. रेस्क्युझिलाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा आणि बॅलेना एचर किंवा रुफस वापरून ती पेन ड्राइव्हवर लिहा. ती फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, तसं केलं तर मशीन पेन ड्राइव्हवरून सुरूच होत नाही. इथेच बरेच जण अडतात.

मग विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरा आणि ‘शट डाउन’ वर क्लिक करा. विंडोज १० रोज बंद करताना पूर्ण बंद होत नाही. लवकर सुरू व्हावं म्हणून ‘फास्ट स्टार्टअप’ मुळे ते अर्धवट झोपेत जातं, आणि त्या अवस्थेत सी ड्राइव्हचा दरवाजा आतून अडकवलेला असतो. इमेज घेणारं सॉफ्टवेअर अशा ड्राइव्हला हात लावायला नकार देतं. शिफ्ट दाबून बंद केलं की खरंखुरं बंद होतं. तरीही अडलं तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका.

पेन ड्राइव्ह आणि एक्स्टर्नल डिस्क लावून मशीन सुरू करा, आणि कंपनीचं चिन्ह दिसताच बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९. जोडून घेतलेल्या मशीनमध्ये ती मदरबोर्डवर अवलंबून असते : गिगाबाइटला एफ १२, असूसला एफ ८, एमएसआयला एफ ११. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. रेस्क्युझिला उघडल्यावर ‘बॅकअप’, मग मूळ डिस्क म्हणून एसएसडी. ओळखायची ती आकार आणि मॉडेलचं नाव दोन्ही बघून. विंडोज २५६ जीबीच्या डिस्कला साधारण २३८ आणि १ टीबीच्या डिस्कला ९३१ दाखवतं, कारण मोजायची पद्धत वेगळी. इथे आकडा किंचित निराळा दिसला तर घाबरू नका. पुढच्या पडद्यावर एसएसडीचे सगळे विभाग निवडलेले राहू द्या. १०० एमबीचा तो पहिला छोटा विभाग ‘बिनकामाचा’ म्हणून कुणी वगळतं, पण मशीन सुरू होतं ते त्याच्याच जोरावर. मग ठिकाण म्हणून एक्स्टर्नल डिस्क आणि नाव द्या, नावात तारीख असू द्या.

यादीत एसएसडी दिसलीच नाही, तर बहुतेक वेळा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, डिस्कची पद्धत ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’ ठेवलेली असते. ती ‘एएचसीआय’ केली की दिसते, पण इमेज झाल्यावर आणि विंडोज सुरू करण्याआधी ती आठवणीने पूर्ववत करा, नाहीतर विंडोज उठणार नाही.

वेळ किती? रेस्क्युझिला भरलेलीच जागा उचलतं, म्हणजे २५६ नव्हे, ११० जीबी, आणि तीही दाबून लहान करतं. एक्स्टर्नल डिस्कची वायर मशीनच्या निळ्या जिभेच्या खोबणीत, म्हणजे यूएसबी ३ मध्ये लावली तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग धरून वीस मिनिटं ते अर्धा-पाऊण तास. काळ्या, जुन्या खोबणीत वेग ३० एमबीवर येतो आणि तेच काम तासावर जातं. कॅबिनेटच्या पुढची खोबण बऱ्याचदा जुनी असते, मागची बघा.

लाईटची भीती इथे जरा कमी करून घ्या. इमेज घेताना लाईट गेली तर एसएसडीला काही होत नाही, कारण तिच्यावरून नुसतं वाचलं जातं. अर्धी इमेज टाकून द्यायची आणि पुन्हा घ्यायची. उलट दिशेने, इमेज परत भरताना लाईट गेली तर मात्र ती डिस्क अर्धवट लिहिलेली राहते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. साध्या यूपीएसची बॅटरी दहा-पंधरा मिनिटांची. म्हणून परत भरायचं काम वळिवाच्या दिवसांत दुपारी काढू नका, सकाळी करा. विजा कडकडायला लागल्या की एक्स्टर्नल डिस्क आणि मशीन दोन्हींची वायर भिंतीतून काढा.

इमेज झाली की लगेच त्याच पडद्यावरून ‘व्हेरिफाय इमेज’ चालवा. मग ‘इमेज एक्सप्लोरर’ उघडून त्या इमेजमधली एखादी फॉन्टची फाइल बाहेर काढून बघा. ती निघाली म्हणजे इमेज वाचता येते.

रोजच्या कामासाठी विंडोजमध्येच असलेली ‘फाइल हिस्टरी’ वापरा. वेगळं काही उतरवायचं नाही. आमच्या मते तिचा मोठा गुण असा की ती साध्या फायलीच ठेवते, फक्त नावापुढे कंसात तारीख आणि वेळ जोडते. उद्या विंडोज नसलं, दुसऱ्या कुठल्या मशीनला डिस्क लावली, तरी फाइल सरळ उघडते. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, त्यात ‘बॅकअप’, तिथे एक्स्टर्नल डिस्क जोडा. मग ‘मोअर ऑप्शन्स’ मध्ये जाऊन ‘अॅड अ फोल्डर’ ने डी ड्राइव्हवरची कामाची फोल्डरं एक-एक करून घाला. हे विसरलात तर ती फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरलेली फोल्डरं घेत राहील आणि तुम्ही निर्धास्त राहाल. तुमचं सगळं काम डीवर आहे, म्हणून हा टप्पा दोनदा तपासा. विंडोज ११ वर गेलात तर हे कंट्रोल पॅनलमध्ये सापडेल, आणि डीवरची फोल्डरं आधी ‘लायब्ररी’ मध्ये घालावी लागतील.

वेळ तासाला एकदा अशी आपोआप ठरलेली असते. लग्नसराईत ती वीस मिनिटं करा. जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवायच्या तिथे ‘अंटिल स्पेस इज नीडेड’ निवडा. पहिल्यांदा ३०० जीबी जाताना अख्खा दिवस लागेल, त्यानंतर बदललेल्या फायलीच जातात. ती दोन ठिकाणी चुकते. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर आणि वर लांबलचक नाव (‘चि.सौ.कां. यांची पत्रिका अंतिम नवी अंतिम दुरुस्त’ छापाचं) झालं की नाव आणि वाट मिळून मर्यादेबाहेर जातं आणि ती फाइल निमूटपणे वगळली जाते. नावं आखूड ठेवा. दुसरं, कोरलड्रॉमध्ये उघडी असलेली फाइल सेव्ह केल्याशिवाय तिची नवी आवृत्ती कुठून जाणार? सेव्ह करत राहा. कोरलड्रॉ स्वतः शेजारीच ‘बॅकअप ऑफ’ नावाची प्रत ठेवतं, पण ती त्याच डिस्कवर असते, डिस्कबरोबरच जाते.

टॅलीचा डेटा कॉपी होताना टॅली बंद असावं, नाहीतर अर्धवट अवस्थेतली प्रत येते. रोज दुकान बंद करताना टॅलीमधलाच बॅकअप डीवरच्या एका फोल्डरात घ्या, पुढचं फाइल हिस्टरी करेल. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात, तेव्हा त्या फोल्डरातलं जुनं पुसायची घाई नको.

तुम्हाला कुणी दोन फोल्डर एकसारखी ठेवणारं ‘सिंक’ सॉफ्टवेअर सुचवलं असेल. त्यातल्या ‘मिरर’ पद्धतीपासून सांभाळून. इथे चुकून फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. खंडणी मागणाऱ्या व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या की कुलूपबंद फायलीच इमानाने पलीकडे जातात. मागची आवृत्ती ठेवत नाही ती प्रत बॅकअप म्हणून पुरत नाही. फाइल हिस्टरीपेक्षा जास्त हवं असेल, म्हणजे जागा वाचवून, परवलीच्या शब्दामागे कुलूप लावून ठेवलेल्या प्रती, तर कोपिया बघा. तीही मुक्त आहे आणि तिला माऊसने चालवायचा पडदाही आहे. मात्र परवलीचा शब्द विसरलात तर कुणीही उघडून देऊ शकत नाही.

आणि इमेज दर आठवड्याला आपोआप, विंडोज चालू असतानाच व्हायला हवी असेल, तर वीम एजंटची फुकट आवृत्ती सक्षम आहे. बदललेलं तेवढंच उचलते, परत आणायचा पेन ड्राइव्हही बनवून देते. पण ती कंपनीची आहे, नोंदणी मागते, आणि तुमची आत्ताची अडचण ज्या जातीची आहे तीच पुढे येऊ शकते. तुमच्या एका मशीनला महिन्यातून अर्धा तास बसणं जास्त सोपं जाईल. कंट्रोल पॅनलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ असंही एक दिसेल. मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून त्यातली इमेज मोडीत काढली आहे, तिच्यावर विसंबू नका.

डिस्क दोन हव्यात. तुमच्याकडची १ टीबी दुकानात फाइल हिस्टरीसाठी ठेवा. सकाळी लावायची, संध्याकाळी ‘बॅक अप नाऊ’ दाबून, नीट ‘इजेक्ट’ करून काढायची. रात्री लावून ठेवलेली डिस्क विजेच्या दाबाला आणि व्हायरसला मशीनइतकीच सापडते. दुसरी १ टीबी घ्या, ती घरी. तिच्यावर गेल्या दोन महिन्यांच्या इमेज आणि महिन्याला एकदा डीवरच्या कामाची पूर्ण प्रत. दुकानात चोरी झाली, पाणी शिरलं तरी ती वेगळ्या छपराखाली असते. खानापूरचा पाऊस आणि दमट हवा लक्षात घेता ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि महिन्याला चालवा. ही दुसरी डिस्क साधी हार्ड डिस्कच बरी. वर्षभर विजेविना पडून राहण्यासाठी पेन ड्राइव्ह आणि एसएसडी योग्य नाहीत, त्यांतली साठवण विजेच्या भारावर असते आणि तो हळूहळू ओसरतो.

इंटरनेटवर सगळं पाठवायचा मोह नको. १० एमबीपीएसच्या अपलोडला ३०० जीबी जायला अखंड पावणेतीन दिवस लागतील, आणि गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही मेल आणि फोटोंसकट. तिथे फॉन्टचं फोल्डर, टॅलीचा बॅकअप, गिऱ्हाइकांचे लोगो आणि सतत लागणारे पंचवीस-तीस पत्रिकांचे नमुने ठेवा. तेवढ्याला जागा पुरते.

एक गोष्ट कुठल्याच इमेजमध्ये येत नाही : मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचा यूएसबी लॉक, म्हणजे परवान्यासाठी मशीनला लावायची छोटी किल्ली. तो हरवला तर सॉफ्टवेअर जागेवर असून चालणार नाही. विंडोज, कोरलड्रॉ, टॅली यांच्या परवान्याचे क्रमांक वहीत लिहा आणि लॉक मशीनला लटकत न ठेवता रात्री कुलपात ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर (अख्ख्या डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू दिसलं, तर त्याची ४८ अंकी किल्लीही त्याच वहीत लिहा. ते चालू असताना रेस्क्युझिला भरलेली-रिकामी जागा ओळखू शकत नाही आणि अख्ख्या २५६ जीबीची प्रत घेतं.

गर्दी सुरू होण्याआधी एकदा परत भरून बघा. चालू एसएसडीवर नाही. एक सुटी एसएसडी घ्या, ती पुढे कधीतरी लागणारच आहे. घेताना आकडा बघा : दुकानात २४०, २५० आणि २५६ जीबी अशा तिन्ही मिळतात, आणि २५६ ची इमेज २४० वर भरायला सॉफ्टवेअर नकार देतं, आत ११० च जीबी असले तरी. २५६ किंवा मोठी घ्या. मोठी घेतली तर उरलेली जागा मोकळी राहते. विंडोजमधून ती सीला जोडता येत नसेल तर मधे रिकव्हरीचा छोटा विभाग आडवा आलेला असतो. रेस्क्युझिलाच्याच पेन ड्राइव्हवर असलेल्या जीपार्टेडने तो सरकवता येतो.

मशीन बंद करून जुनी एसएसडी आणि डी ड्राइव्ह दोन्हींच्या वायरी काढा, नवी लावा, इमेज असलेली एक्स्टर्नल लावा, पेन ड्राइव्हवरून सुरू करून ‘रिस्टोअर’. मशीनमध्ये दुसरी डिस्कच नसल्याने भलतीवर लिहिलं जाण्याची भीती उरत नाही. संपलं की पेन ड्राइव्ह काढून मशीन सुरू करा. मूळ आणि नवी एसएसडी एकाच वेळी लावून सुरू करू नका. दोन्हींची ओळख तीच असल्याने विंडोज एकीला बाजूला काढतं. नव्या एसएसडीवर विंडोज उठलं की मशीन बंद करून डी ड्राइव्ह परत जोडा, गेल्या वर्षीची एक मराठी आणि एक कन्नड पत्रिका उघडा, आणि दोन्हींचा एक-एक छापा काढून जुन्या कार्डाशेजारी ठेवून वाचा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे कधीतरी ११ वर जावं लागेल. ते करायच्या आदल्या दिवशी एक इमेज घ्या आणि तिच्या नावात ‘अपग्रेडआधी’ असं लिहा. नवीन विंडोजवर जुना प्रिंटर किंवा यूएसबी लॉक चालला नाही तर परत यायची वाट तीच असेल.